दादाचा कंटेनर

खराबवाडी, चाकण
९ सप्टेंबर २०२५

कस्तुराआक्का,

पाया पडतो. कागदाच्या माथ्यावर 'श्री' घातलेला नाही. यंदा घालायचा नाही असं गुरुजी म्हणाले, आणि मलाही घालावासा वाटला नाही.

परवा उरणला निघताना गाडीच्या दारात माझा हात धरून तू विचारलंस, दादाचं शेवटी नेमकं काय झालं. मी तुझ्याकडे तोंड करून सावकाश सांगायला लागलो, पण भोवती माणसांची दाटी, तुला ओठ वाचता येईनात. फोन तुझ्या कामाचा नाही. इतकी वर्षं दादा तुला पत्रं लिहायचा, आता मी लिहितो. अक्षराला नावं ठेवू नकोस, तुला ती खोड आहे.

तर ऐक. नानासाहेबांच्या कारखान्यातून क्रेनचे हूक अमेरिकेला जातात हे तुला माहीत आहे. जड ओझं ज्याला लटकवतात ते हूक. सव्वीस वर्षं तिथला सगळा माल दादाच्या नजरेखाली पेट्यांत भरला गेला. यंदा अमेरिकेने आपल्या मालावरचा टॅरिफ, म्हणजे तिकडचा आयात कर, पन्नास टक्के केला, सत्तावीस ऑगस्टपासून, नेमका गणपतीच्या दिवशी. त्याआधी बोटीवर चढलेला माल सुटणार होता. म्हणून आमच्याकडे नुसती झुंबड उडाली होती. जो तो कंटेनर भरून बंदराकडे धाडत होता. दादा चार दिवस घरी फक्त अंघोळीला यायचा.

पंचवीस तारखेला, सोमवारी, अकरा वाजता त्याचा कंटेनर निघाला. ट्रेलरवर सनी होता, माझ्याच ट्रेलरांच्या यार्डातला ड्रायव्हर. तळेगाव चौकात नेहमीचं झालं, चारी बाजूंनी गाड्या येऊन सगळं गच्च. दोन तास चाक हलेना. तेवढ्यात दादा मोटरसायकलवर मागोमाग आला, गाडी कडेला टाकली आणि भर रस्त्यात ट्रेलरच्या पुढे दोन्ही हात वर करून उभा राहिला. वाट मोकळी करायला. उभा होता तिथेच छाती धरून खाली बसला, तो उठला नाही. ट्रेलर संध्याकाळपर्यंत चौकातच होता. बोट निघून गेली आणि कंटेनर माघारी आला. आता पन्नास टक्के भरून तिकडचं गिऱ्हाईक माल घेत नाही, आणि कारखान्यात ठेवायला जागा नाही. म्हणून तो माझ्या यार्डात उभा आहे, सीलबंद, दादाने भरला तसाच.

दहाव्याला घाटावर तू होतीसच. कावळा शिवेना. कुणी म्हणालं वहिनींना सांभाळू, कुणी म्हणालं घराचा वरचा मजला पुरा करू. तासभर गेला. मग मी हात जोडून म्हणालो, "दादा, तुझा कंटेनर मी अमेरिकेला धाडतो. शब्द देतो." आणि कावळा पिंडावर उतरला. सगळ्यांनी पाहिलं.

आता तो डबा बोटीवर चढेपर्यंत मला दुसरं काम नाही.

तुझा
बाळाजी


उरण
१७ सप्टेंबर २०२५

चि. बाळाजी,

आशीर्वाद. तुझं पत्र लावायला दोन दिवस गेले. दादा गेला तसं आपल्या घरातलं वाचण्याजोगं अक्षरही गेलं, असं म्हणायचं.

इथे पितृपक्ष चालू आहे. माझ्या खिडकीतून बंदराच्या क्रेन दिसतात, त्या हलतात तसं मन हलतं. माझा जयदीप म्हणतो, कंटेनरच्या गोदामात त्याला आता दुपारी डुलकी काढता येते, इतकं काम कमी झालंय. गेल्या महिन्यात हाच मुलगा जेवायला घरी येत नव्हता.

मला एक सांग. दादा ट्रेलरच्या पुढे उभा होता म्हणतोस. त्याचं तोंड कुणीकडे होतं? पुढच्या गाड्यांकडे, की सनीकडे? सनीला नीट विचार. पोरगं घाबरट आहे, दरडावून विचारू नकोस.

आणि कंटेनरची एवढी घाई का? राहू दे की यार्डात. शब्द दिलास म्हणून लगेच धावत सुटायचं असं कुठे लिहिलंय? मेलेल्या माणसाला वेळेची कमी नसते. वहिनींकडे बघ, त्या नीट जेवत नाहीत असं मला तिथे असतानाच दिसत होतं.

तुझी
आक्का


खराबवाडी
२० ऑक्टोबर २०२५

आक्का,

पाया पडतो. उद्या लक्ष्मीपूजन. आपल्या दारात यंदा आकाशकंदील नाही, आणि गल्लीत इतरांनीही फटाके बेतानेच आणलेत. बोनस कमी झालाय हे एक, आणि दादाचा मान हे दुसरं.

तू विचारलंस ते सनीला विचारलं. तो म्हणाला, "काका माझ्याकडंच बघत होते. दोन्ही हात वर. मला वाटलं ये म्हणालेत, म्हणून मी गाडी अजून हातभर पुढं घेतली." मग तर प्रश्नच मिटला. दादा त्याला पुढे बोलवत होता. तुझ्या डोक्यात काय आहे ते तुझं तुला ठाऊक.

यार्डाची अवस्था सांगू नये अशी आहे. एकोणीस ट्रेलर उभे आहेत आणि चाकांखाली गवत उगवलंय. नानासाहेबांनी दुसरी शिफ्ट बंद केली. लातूर-नांदेडकडची पोरं खोल्या सोडून गेली, खानावळवाला दुपारी पत्ते खेळतो. तळेगाव चौकातून परवा मी दहा मिनिटांत पार झालो. रस्ता रुंद करा म्हणून आपण किती वर्षं बोंबललो, निवेदनं दिली, एकदा रस्त्यावर बसलो. रस्ता आहे तेवढाच आहे, आमच्या बाजूच्या गाड्याच कमी झाल्या. त्या चौकातून सुसाट जाताना मला दादाची लाज वाटली. हीच वाट त्या दिवशी मिळाली असती तर.

आता एक सांगतो, हसू नकोस. दादाची पद्धत तुला आठवत असेल. कंटेनरचं दार लावलं, सील ठोकलं, की तो दारावर तळहाताने दोन थापा मारायचा, बैलाच्या पाठीवर मारतात तशा. त्या ऐकल्याशिवाय ड्रायव्हर गाडी सुरू करत नसे. गेले तीन आठवडे भर दुपारी मला त्या थापा ऐकू येतात. ऊन तापलं की पत्रा वाजतो, हे मला कळतं. यार्डात पन्नास पत्र्याचे डबे आहेत, तेही तापतात. पण वाजतो तो हाच. गुरुवारी सनी ट्रेलरच्या केबिनमध्ये नुसताच बसला होता, थाप आली आणि त्याने सवयीने गाडी सुरू केली. मग खाली उतरून घामाघूम होऊन माझ्याकडे बघत राहिला. त्या दिवसापासून तो त्या डब्याच्या बाजूने जात नाही.

वहिनी मात्र रोज येतात. दुपारचा चहा झाला की खुर्ची घेऊन कंटेनरच्या सावलीत बसतात आणि हळू आवाजात काही बोलतात. मी लांबूनच बघतो. काय बोलतात ते विचारायची माझी छाती होत नाही.

तेव्हा घाई का, हे तुला कळलं असेल. दादा अडकलाय, आक्का. तो डबा हलल्याशिवाय तो सुटायचा नाही. मी रोज नानासाहेबांच्या केबिनबाहेर जाऊन बसतो. ते मला बघून आता मागच्या दाराने जातात.

बाळाजी


उरण
३ नोव्हेंबर २०२५

चि. बाळाजी,

आशीर्वाद. मी हसले नाही.

दादा माझ्याकडेही येतो. दुपारी डोळा लागला की तो दारात उभा असतो, कंपनीची निळी टोपी हातात घेऊन. त्याचे ओठ हलतात. तुला वाटेल, स्वप्नात तरी मला ऐकू येत असेल. नाही येत. आणि ओठ तर मला वाचता येतात, सगळ्यांचे येतात, घाटावर तू काय शब्द दिलास तोही मी तुझ्या ओठांवरूनच वाचला होता. पण दादाचे ओठ हलायला लागले की मी मान खाली घालते आणि त्याच्या चपलांकडे बघत बसते. 

जयदीप म्हणतो, डॉक्टरकडे जाऊ. मी म्हटलं, कानाच्या की मनाच्या? 

बाळाजी, नानासाहेबांच्या दारात जाऊन बसणं सोड. मोठ्या बहिणीचं एवढं ऐक आणि कारण विचारू नकोस. टॅरिफ जाईल तेव्हा जाईल. तोवर तो डबा तिथेच असू दे आणि तू वहिनींना घेऊन चार दिवस इकडे ये.

आक्का


खराबवाडी
८ डिसेंबर २०२५

आक्का,

पाया पडतो आणि आधी चांगली बातमी सांगतो. कंटेनर जातोय.

नानासाहेबांनी तिकडच्या गिऱ्हाइकाशी बोलून टॅरिफचा भार अर्धा-अर्धा उचलायचं ठरवलं. नफा काही राहत नाही, पण गिऱ्हाईक टिकतं आणि दुसरी शिफ्ट पुन्हा सुरू करता येईल म्हणाले. अठरा माणसांना कामावर या म्हणून निरोपही गेले. मला केबिनमध्ये बोलावून खुर्चीवर बसवलं आणि म्हणाले, "बाळाजीराव, तुमी माझा पिच्छा सोडला न्हाई, म्हणून हे झालं. तुमच्या दादांचा, दौलतरावांचा माल हाय, त्यो पोचला पायजे." मला रडू आलं, त्यांच्यासमोरच.

एकोणीस तारखेला, शुक्रवारी सकाळी दहाला निघेल. सनीच नेणार आहे, त्याची भीती मोडायला हवी. वहिनींनी झेंडूचा हार करायचं ठरवलंय, अगदी ट्रेलरच्या तोंडाला पुरेल एवढा. मला म्हणाल्या, "भावजी, आता ते सुटतील न्हवं?" मी म्हटलं, "व्हय वहिनी, सुटतील."

तू सांगितलंस ते ऐकलं नाही म्हणून रागावू नकोस. तुला भावापेक्षा भूत जवळचं वाटायला लागलं की काय असं मध्ये वाटलं होतं, पण ते जाऊ दे. वीस तारखेला खिडकीत उभी राहा आणि क्रेन हलली की हात जोड.

बाळाजी


उरण
१३ डिसेंबर २०२५

बाळाजी,

हे पत्र टपालाने पाठवत नाही. जयदीप घेऊन येतोय. एकटा बसून वाच.

दादाच्या अंत्यविधीनंतर मी उरणला परत आले, त्यानंतर तिसऱ्या दिवशी, म्हणजे दहाव्याला पुन्हा येण्याआधीच, टपालाने दादाचं पत्र आलं. ज्याला अग्नी दिलेला बघून आले त्याचं पत्र दाराच्या फटीत पडलेलं होतं. ते मी कुणाला दाखवलं नाही. आता तुझ्यासाठी त्यातला मजकूर उतरवून देते, मूळ कागदही सोबत आहे.

"कस्तुरा, आज शनिवार, तेवीस तारीख. घाईत लिहितोय म्हणून अक्षर बिघडलंय. माझ्या हातून एक गोष्ट झाली आहे. हुकांना भेग आहे का हे तपासणारा आमचा इन्स्पेक्टर गणपतीसाठी कोकणात गेला. चार पेट्या तपासायच्या राहिल्या होत्या. बोट चुकेल म्हणून त्याच्या खणातला शिक्का काढून मी स्वतः मारला. कुणी सांगितलं नव्हतं. नानासाहेबांना माहीत नाही. पेट्या कंटेनरमध्ये सर्वांत आत गेल्या. नंतर उरलेला एक हूक पुसताना मला त्यावर केसाएवढी रेघ दिसली, आणि तो त्या चार पेट्यांतल्या मालाच्याच भट्टीतला होता. हुकाखाली माणसं काम करतात गं. तिथे कुणाचा तरी बाप उभा असेल. मी सोमवारी सकाळी नानासाहेबांना सांगणार आहे. धीर झाला नाही तर काय करू ते तूच लिही."

मी काय लिहिणार होते? पत्र येईपर्यंत विचारणारा उरला नव्हता.

त्याला सोमवारी अकरापर्यंत धीर झाला नाही. कंटेनर निघाला आणि मग झाला. तो तुझ्या ट्रेलरला वाट करून देत नव्हता, बाळाजी. तोंड सनीकडे करून दोन्ही हात वर केलेला माणूस काय म्हणतो, हे तू सांग. सनीने गाडी हातभर पुढे घेतली असं तू लिहिलंस, तेव्हा मी दोन दिवस जेवले नाही.

घाटावर तू मोठ्याने शब्द दिलास. त्याच क्षणी मी मनात म्हणाले, "दादा, तो कंटेनर मी जाऊ देणार नाही." आणि कावळा उतरला. तू समजलास तुझ्यासाठी, मी समजले माझ्यासाठी.

मग मी का बोलले नाही? त्याचं नाव जाईल म्हणून. सव्वीस वर्षं ज्याच्या कामात कुणी खोट काढली नाही, त्याने शेवटी खोटा शिक्का मारला, हे वहिनींना कुणी सांगायचं? आणि टॅरिफमुळे डबा अडकलाच होता. मला वाटलं, माझं काम परस्पर झालं, मी तोंड उघडायची गरज नाही. चार महिने मी त्या टॅरिफच्या आडोशाला बसले. आता तो आडोसाही गेला.

मी भित्री आहे. दादाही तेवढा एकच दिवस भित्रा होता. तू ठरव.

कस्तुरा


खराबवाडी
२८ डिसेंबर २०२५

आक्का,

पाया पडतो. जयदीप चौदा तारखेला आला. पत्र मी यार्डात उभ्यानेच वाचलं. खोटं लिहिणार नाही, पहिला राग तुझाच आला. दुसरा विचार मनात आला तो असा, की काडी ओढावी, दोन्ही कागद जाळावेत आणि शुक्रवारी नारळ फोडून मोकळं व्हावं. पाच दिवस मी कुणाला काही बोललो नाही. पिंडासमोर दिलेला शब्द मोडायचा म्हणजे काय ते तुला कळेल. आणि दुसरी शिफ्ट, ती अठरा माणसं, माझे उभे ट्रेलर, हेही सगळं मनात होतंच. मला तुम्हा दोघांपेक्षा चांगला समजू नकोस.

शुक्रवारी सकाळी सनीने डबा ट्रेलरवर घेतला. वहिनींनी हार बांधला. नानासाहेब पेढे घेऊन आले होते. नारळ माझ्या हातात दिला तेव्हा मला तो वर उचलता येईना. मी त्यांना बाजूला घेऊन दादाचं पत्र दिलं. त्यांनी ते दोनदा वाचलं आणि खाली टायरवर बसले. मग म्हणाले, "बाळाजीराव, हे पत्र तुमी मला दाखवलंच न्हाई, असं समजू का?"

मी म्हटलं, "न्हाई नानासाहेब. दाखवलंय."

माणूस वाईट नाही. त्यांनीच कटर मागवून सील तोडलं. त्या चार पेट्यांत दोनशे हूक होते. सगळे तपासून झाले तेव्हा अकरांना भेग निघाली. बाहेरून बघून एकही ओळखता येत नव्हता.

गिऱ्हाइकाला खरं कळवलं. त्याने दुसरीकडून माल घ्यायचं ठरवलं. अठरा माणसांना पुन्हा निरोप गेले, या वेळी येऊ नका म्हणून. त्यातले काही दादाला शिव्या घालतात, माझ्यासमोर नाही घालत एवढंच. पॅकिंगच्या भिंतीवर त्याचा फोटो होता. कुणी काढायच्या आत वहिनी जाऊन स्वतः घेऊन आल्या.

वहिनींना दोन्ही पत्रं मी वाचून दाखवली. शिक्क्याचं त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं, जणू आधीच माहीत असावं. चौकातलं ऐकलं तेव्हा मात्र त्या उठून उभ्या राहिल्या. म्हणाल्या, "म्हंजी ते गाडी थांबवत व्हते? आन् मी चार महिने त्या डब्यापाशी बसून त्यांना म्हणत व्हते, जाल, जाल, लवकर जाल." मग त्या आत गेल्या. त्या दिवसापासून माझ्याशी बोलत नाहीत. जेवणाचं ताट वाढून पाठवतात, पण बोलत नाहीत.

सनी गावी गेला, निलंग्याला. त्याला मी सांगितलं नाही. त्याने गाडी हातभर पुढे घेतली होती हे त्याला विसरता यावं एवढीच माझी इच्छा आहे.

दादा सुटला का, ते मला माहीत नाही. तुझा शब्द खरा झाला, माझा मोडला.

रोज संध्याकाळी चौकात चहाच्या टपरीवर सगळे जमतात आणि टॅरिफला शिव्या घालतात. अमेरिकेला, दिल्लीला, मुंबईला, कुणालाच सोडत नाहीत. माझे चार ट्रेलर विकायला निघालेत, मी सगळ्यांत मोठ्याने बोलावं असं त्यांना वाटतं. काल मी तोंड उघडलं आणि मिटलं. तो पन्नास टक्के टॅरिफ नसता तर सप्टेंबरच्या पहिल्या बोटीने मी ते अकरा हूक स्वतः धाडले असते, हार घालून. शिव्या देणं मला आता जमत नाही, आक्का. आणि हात जोडणंही जमत नाही.

बाळाजी